फ्रीजची वामकुक्षी

मीटरकाकांचा जन्माचा वैरी कोण, असं गल्लीत कुणालाही विचारलं असतंत तर एकच उत्तर मिळालं असतं. त्यांच्याच स्वयंपाकघरातला फ्रीज. आता तुम्ही म्हणाल, फ्रीजनं बिचाऱ्यानं कुणाचं काय घोडं मारलंय? पण ज्या माणसानं सारी नोकरी लोकांच्या जिन्याखाली वाकून विजेचे मीटर वाचण्यात घालवली, त्याच्या जागी उभं राहून बघा. दिवा मालवता येतो. पंखा थांबवता येतो. इस्त्रीचं काम झालं की पीन काढून ठेवता येते. हा एकटाच गडी असा, की घरात माणूस असो नसो, आपला दिवसरात्र गुरगुरत खात बसलेला. काकांना ते बघवायचं नाही.

निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली होती, तरी त्यांचं मीटरकाका हे नाव काही सुटलं नव्हतं आणि हाताची खोडही सुटली नव्हती. कुठल्याही खोलीतून बाहेर पडताना त्यांचा उजवा हात आपसूक बोर्डाकडे जायचा आणि वरपासून खालपर्यंत सगळी बटणं बंद करून यायचा. स्वतःच्या घरात ठीक आहे हो, पण दुसऱ्यांच्या घरीसुद्धा! एकदा एका जुन्या सहकाऱ्याकडे गेले होते, तेव्हा मोरीबाहेरून जाता जाता त्यांनी दिवा बंद केला. आत तो सहकारी डोक्याला साबण लावून उभा होता. त्यानं अंधारात जो काही आरडाओरडा केला, तो काकू पुढे कित्येक वर्षं सगळ्यांना हावभावासकट करून दाखवायच्या.

काकूंचा स्वभाव हा असा. नवऱ्याची थट्टा करायची, पण त्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. काका त्यांना फ्रीजसमोर उभं करून धडे द्यायचे. दार उघडं ठेवून विचार करत उभी राहू नकोस, गार हवा जड असते, ती सगळी पायाशी सांडून जाते. गरम पातेलं आत सरकवू नकोस, त्याची सगळी ऊब उपसून काढायला मोटरला दुप्पट पळावं लागतं. आणि फ्रीज गारवा तयार करतो असं समजू नकोस, तो फक्त आतली उष्णता ओढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो, हवं तर मागे हात लावून बघ. काकूंनी एकदा खरंच हात लावून बघितला आणि म्हणाल्या, "अगदी तुमच्यासारखा आहे की. आतून गार आणि बाहेर नुसता ताप."

एवढ्यावर काका थांबले असते तर ते मीटरकाका कसले! दुपारचं जेवण झालं, भांडी घासायला पडली, की स्वयंपाकघरातून बाहेर पडताना ते फ्रीजचं बटण खटकन बंद करायचे. "दमलाय तो. पडू दे जरा," असं म्हणायचे आणि स्वतःही पुढच्या खोलीत कॉटवर आडवे व्हायचे. काकूंनी ह्याला फ्रीजची वामकुक्षी असं नाव ठेवलं होतं. चहाच्या वेळी काका उठायचे आणि आपल्या हातानं फ्रीज पुन्हा चालू करायचे, जसा काही एखाद्या कारखान्याचा भोंगाच वाजवतायत. समोरच्या वहिनींच्या यजमानांनी एकदा त्यांना सांगून बघितलं, की असं बंद ठेवून काही वाचत नाही, आतली ऊब वाढते आणि मग मोटर तेवढीच जास्त चालते, शिवाय एखाद्या दिवशी सगळं नासून बसेल. काका कुणाचं ऐकतात होय! त्यांच्याकडे पुरावा होता. भर उन्हाळ्यातही त्यांच्या घरचं दूध कधी फाटलं नव्हतं, भाजी कधी आंबली नव्हती. चहा पिताना ते काकूंना मुद्दाम विचारायचे, नासलं का दूध, सांग, नासलं का? काकू गाळणीवरची नजर न काढता म्हणायच्या, "नाही हो. तुमचंच खरं."

त्या काकू एका सकाळी चहा टाकता टाकता ओट्याशी खाली बसल्या आणि उठल्याच नाहीत. मुलगा डॉक्टरांना घेऊन धावत आला, पण तोवर सगळं आटोपलं होतं. काका गॅस बंद करून तिथंच उभे राहिले. चहा उतू गेला होता. तो पुसायचा की बायकोजवळ बसायचं, हे त्यांना काही केल्या ठरवता येईना. शेवटी मुलानं त्यांना धरून खाली बसवलं.

लेक सातासमुद्रापार होती. दर वर्षी पुढच्या वर्षी येते म्हणायची आणि दर वर्षी काही ना काही निघायचं, कधी नोकरी, कधी पोरांच्या परीक्षा. फोनवर ती आधी नुसतीच रडली. मग तिनं भावाला फोन बाबांकडे द्यायला सांगितलं. एरवी बापाशी तासभर वाद घालणारी पोर त्या दिवशी दोनच वाक्यं बोलली. "मिळेल त्या विमानानं येते मी. बाबा, मी येईपर्यंत आईला नेऊ नका, मला तिचा चेहरा बघायचाय."

"नाही नेणार," काका म्हणाले. "तू सावकाश ये."

पण ते दिवस ऐन उन्हाळ्याचे होते. भिंतींना हात लावला तरी चटका बसत होता. लेकीला पोहोचायला दुसरा सगळा दिवस जाणार आणि त्याच्या पुढची सकाळ उजाडणार, असा हिशेब निघाला. तेव्हा मुलानं चौकशा करून पेटीवाल्याला बोलावलं. हा माणूस गेलेल्या माणसांसाठी थंड पेटी भाड्यानं द्यायचा. वर काचेचं झाकण, खाली मोटर. म्हटलं तर आडवा घातलेला फ्रीजच. पेटीवाला अंगानं आडदांड, पण घरात शिरताना पायाचा आवाज होऊ न देणारा. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, जाड पिनेचा प्लग कुठे आहे?

तसा प्लग घरात एकच होता, फ्रीजचा. मग काय करणार! फ्रीज ओढून बाहेरच्या बोळात नेला आणि त्याच्या जागी, ओट्यासमोर, पेटी मांडली. काकूंचा सगळा संसार ज्या चार भिंतींत झाला, तिथंच त्यांना आणून ठेवलं. फ्रीज बंद राहणार म्हणून आतल्या वस्तू वहिनी त्यांच्या घरी घेऊन गेल्या. दूध, लिंबं, निम्मी चिरलेली कोबी. आदल्या रात्री काकूंनी मळून ठेवलेला कणकेचा गोळा होता, त्यावर त्यांच्या बोटांचे ठसे तसेच उमटलेले होते. वहिनींनी तो आता कशाला म्हणून कचऱ्याच्या डब्यात टाकला. काका डब्यापर्यंत गेले आणि परत फिरले. कणकेचा गोळा जपून ठेवा, असं माणूस कुणाला आणि कसं सांगणार?

पेटीवाल्यानं तीनच गोष्टी बजावल्या. ह्या प्लगच्या लायनीवर दुसरं काही लावू नका. झाकण उघडू नका. आणि खोलीचं दार लावून घ्या, बाहेरची गरम हवा आत येऊ देऊ नका. काकांना एवढं पुरे होतं. त्यांनी घरभर फिरून गिझर बंद केला, पंखे बंद केले, मुलाचा मोबाइलसुद्धा चार्जरवरून काढला. आलेली माणसं पुठ्ठ्यानं वारा घेत पुढच्या खोलीत घाम पुसत बसली होती, पण काकांच्या तोंडावर पंखा लावा असं म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही. मग ते जिन्याखाली गेले आणि मीटरसमोर उभे राहिले. मीटरचा लाल दिवा भराभर लुकलुकत होता. आयुष्यभर घरचा मीटर असा पळताना दिसला की ते धावत जाऊन बटणं बंद करायचे. आज तो पळतोय हे बघून त्यांना इतकं बरं वाटलं, की ते त्या मीटरशी चक्क बोलले. "खा बाबा, खा. पोटभर खा."

थोड्या वेळानं पेटीची घरघर थांबली तसा मुलगा घाबराघुबरा होऊन पळत आला. काकांनी त्याला शांत केलं. बिघडलं काही नाही, ते म्हणाले. हवा तेवढा गारवा झाला की मोटर आपणहून थांबते, ऊब चढली की आपणहून चालू होते, फ्रीज कधी एकसारखा धावतो का? आवाज थांबला म्हणून कुणी दार उघडत बसू नका. हे त्यांनी बाहेर बसलेल्यांनाही समजावून सांगितलं, आणि ज्यांना जन्मात कधी त्यांचं व्याख्यान पटलं नव्हतं, त्यांनीही मुकाट्यानं माना डोलावल्या. दार लागलं ते लागलंच.

आत फक्त काका. एका स्टुलावर बसून त्यांनी डोळ्यात तेल घालून त्या पेटीवर पहारा दिला. काचेतून काकूंचा चेहरा स्वच्छ दिसत होता, दुपारी जरा डोळा लागलाय असा. लेकीला हा चेहरा असाच दिसला पाहिजे. बस, जगात आता एवढं एकच काम उरलं होतं आणि ते आपल्याला येतं, ह्याचाच काय तो त्यांना आधार होता. मोटर सुरू झाली की ते निर्धास्त व्हायचे, थांबली की पुन्हा सुरू होईपर्यंत त्यांचा जीव टांगणीला लागायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनींनी जेवण आणलं. मुलानं आत येऊन हट्टच धरला, चार घास खा आणि घटकाभर पाठ टेका, ताई आली आणि तुम्ही आडवे पडलात तर मी कुणाकुणाला बघू? काकांनी ताट गुडघ्यावर घेऊन तिथंच दोन घास गिळले. ताट ओट्यावर ठेवलं. पेटीवर वाकून "जरा पडतो गं" असं म्हणाले. आणि खोलीतून बाहेर पडताना त्यांचा उजवा हात वर गेला.

त्यांना ह्यातलं काहीही आठवत नाही. कसं आठवणार? श्वास घेतलेला कुणाला आठवतो? जेवण झालं होतं, दुपार होती, स्वयंपाकघराचं दार होतं, आणि बोट जिथं रोज जायचं तिथं गेलं. काका पुढच्या खोलीत जाऊन कॉटवर पडले आणि जागरणानं शिणलेला तो जीव दगडासारखा झोपला. थोड्या वेळानं मुलानं दाराला कान लावला. आत सगळं शांत होतं. गारवा झाला असेल, मोटर थांबली असेल, असं त्याला वाटलं. बाबांनीच तर सांगितलं होतं. तो पावलं न वाजवता परत फिरला.

उन्हं कलल्यावर पेटीवाला एक चक्कर टाकायला आला तेव्हा कुठं ते दार उघडलं. काका आवाजानं उठले. दारात जाऊन बघतात तो पेटीवाला बोर्डापाशी उभा आणि मुलगा भिंतीला टेकलेला. काचेवर आतून पाणी सुटलं होतं, थेंब ओघळत होते. खोलीत एक वास होता. काकांना तो वास कळला.

पेटीवाल्यानं बटण चालू केलं. झाकण बोटभर उचलून आत बघितलं, लगेच खाली ठेवलं, आणि वरून पांढरी चादर ओढून घेतली. मुलाला तो हलक्या आवाजात म्हणाला, की आता गार होईल, पण झालं ते परत येणार नाही. ताईंना चेहरा दाखवू नका. मुलगा संतापला होता. दुपारी कोण कोण आलं होतं, कुणाचं पोर आत गेलं होतं, एकेकाचं नाव घेऊन तो विचारत सुटला. काका उंबऱ्यात उभे राहून स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होते. कुणी सांगायची गरजच नव्हती. पेटीवाल्याची नजर त्या हातावर गेली, मग काकांच्या तोंडावर. त्यानं खाली मान घातली.

"लाइट गेली होती म्हणून सांगा ताईंना," तो मुलाला म्हणाला. "होतं असं कधी कधी. उगाच कुणाच्या मागे लागू नका."

गल्लीत कुणाच्या घरचा फ्यूज उडाला तरी चार वाक्यं बोलल्याशिवाय न राहणारे काका तोंड शिवल्यासारखे बसून राहिले. सांगावं असं त्यांना शंभरदा वाटलं. पण लेकीसमोर उभं राहून हे कुठल्या तोंडानं सांगायचं, हे त्यांना कळत नव्हतं, आणि ती यायच्या आधी आपणच संपून जावं तर बरं, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

सकाळी लेक आली ती बॅग रस्त्यातच टाकून आत धावली. भावानं तिला स्वयंपाकघराच्या दारात अडवलं, जवळ घेतलं आणि ठरलं होतं ते सांगितलं. काल दुपारी लाइट गेली. बराच वेळ आली नाही. आईचा चेहरा आता बघण्यासारखा राहिलेला नाही, तू तिला आठवतेय तशीच आठव. लेकीला आधी ते समजलंच नाही. समजलं तेव्हा ती बापाकडे वळली. एवढ्या लांबून घेऊन आलेलं दुःख कुणावर तरी ओतायचं होतंच.

"बघा तुमचं ते खातं, बाबा," ती म्हणाली. "जन्मभर त्यांची बाजू घेत आलात. लोक नावं ठेवायचे तर तुम्ही भांडायला उठायचात. एक दिवस, माझ्या आईसाठी एक दिवस नाही त्यांना वीज देता आली?"

मुलानं डोळ्यांनीच काकांना गप्प राहा म्हणून खुणावलं. पण काकांना ते सोसवलं नाही. खात्यावर आळ आला म्हणून नव्हे हो. पोर भलत्याच कुणावर तरी रागावत होती, आणि तिचा तो राग ज्याच्या वाट्याचा होता तो माणूस तिच्या समोर बसून तो ऐकून घेत होता.

"लाइट गेली नव्हती," ते म्हणाले. "मी बंद केलं. माझ्या हातानं."

मुलालाही हे आत्ताच कळत होतं. लेकीनं एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा बोर्डाकडे. माझं एकच मागणं होतं बाबा, एवढंच ती म्हणाली, तेही ओरडून नाही. काकांनी मान हलवली. चुकून झालं, आठवत नाही, झोप नव्हती, ह्यातलं एकही अक्षर त्यांच्या तोंडून आलं नाही. लेक आत गेली. पेटीपाशी खाली बसली आणि काचेवरून, चादरीवरून, जिथं चेहरा असेल तिथं तिनं हात ठेवला. चादर तिनं ओढली नाही. काका दारात उभे होते, शिक्षा ऐकायला उभं राहिल्यासारखे.

मग तिनं वळून विचारलं, "केव्हा बंद केलंत?"

"दुपारी. जेवण झालं, आणि झोपायला जाताना."

लेकीनं तोंडावर हात घेतला. काकांना वाटलं आता ती हंबरडा फोडणार. पण ती त्यांच्याकडे अशी बघत होती, जसं काही त्यांचंच कुणीतरी गेलंय हे तिला आत्ता कळलं.

"बाबा, तुम्हाला आईनं कधीच सांगितलं नाही?"

"काय?"

"तुम्ही रोज दुपारी फ्रीज बंद करून झोपायचात ना. तुमचं घोरणं सुरू झालं की आई हळूच उठायची आणि तो चालू करायची. आम्ही सुट्टीत घरी असलो की आम्हाला ओठांवर बोट ठेवून खूण करायची. आणि तुम्ही कूस बदलायला लागलात की पळत जाऊन परत बंद करून यायची. तुम्हाला उठल्यावर तुमच्या हातानं चालू करता यावा म्हणून."

काकांना ते चटकन उमगेना. "पण दूध," ते म्हणाले, "दूध तर कधी..."

"म्हणूनच नासलं नाही, बाबा."

मुलगा खाली मान घालून उभा होता, म्हणजे त्यालाही माहीत होतं. काका चौकटीला धरून हळूहळू खाली बसले. सगळ्या त्या दुपारी त्यांच्या डोळ्यांसमोरून जात होत्या. ते कॉटवर निवांत घोरतायत आणि ती त्यांच्या पाठीमागून पाय न वाजवता जातेय. आणि कालही ते तसेच झोपले होते, कुणाच्या तरी भरवशावर, तो भरवसा कुणाचा हे ठाऊक नसताना.

"कधीतरी?" त्यांनी विचारलं. "की रोज?"

"रोज," लेक म्हणाली.

तेव्हा काका रडले. बायको गेल्यापासून पहिल्यांदाच रडले, मोठ्यानं, पुढच्या खोलीतली माणसं उठून उभी राहिली इतकं. लेक सरकत त्यांच्यापाशी आली. त्यांचा उजवा हात तिनं आपल्या दोन्ही हातांत धरला आणि तीही रडू लागली. राग तिचा गेला नव्हता, तो इतक्यात जाणारही नव्हता, पण हात तिनं सोडला नाही.

थोड्या वेळानं पेटीवाला आत आला. बाहेर गाडी आली होती, न्यायची वेळ झाली होती. त्यानं मुलाला विचारलं, "पेटी बंद करू ना आता?" आणि बोर्डाकडे हात नेला.

"थांब," काका म्हणाले. "चालू राहू दे. अजून थोडा वेळ चालू राहू दे."

पेटीवाल्यानं मुलाकडे बघितलं. मुलानं गाडीवाल्याला थांबायला सांगायला त्याला बाहेर पाठवलं, आणि तोही येऊन जमिनीवर बापाशेजारी बसला.